बाळू पालवणकर : कर्तृत्वाचा डाव, कर्णधारपदाची उपेक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या लष्कर भागातील पूना क्लबाच्या मैदानावर एक तरुण रोज भल्या पहाटे हजर होत असे. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि टेनिसच्या मैदानाची निगा राखणे ही त्याची नेमून दिलेली कामे. पगार महिना चार रुपये. ही कामे आटोपली, की क्लबातील गोऱ्या साहेबांना चेंडू टाकणे हेही त्याच्याच वाट्याला येई. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हे नोकराचे श्रम. पुढे याच श्रमाचे त्याने कलेत रूपांतर केले आणि हिंदुस्थानातील पहिला थोर फिरकी गोलंदाज म्हणून इतिहासात नाव नोंदवले. हा तरुण म्हणजे बाळू पालवणकर, क्रिकेटच्या जगातले पी. बाळू.

खडकी ते पूना क्लब

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, चर्मकार समाजातले. त्यांचा जन्म धारवाडचा. क्रिकेटच्या नोंदींत १९ मार्च १८७६ ही तारीख दिली जाते, तर काही चरित्रकार ती आदल्या वर्षात नेतात. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित होती आणि त्या निमित्ताने कुटुंब पुण्यात आले. लष्करी छावणीच्या आसऱ्याने वाढणाऱ्या मुलांना गोऱ्या सैनिकांचा खेळ रोज दिसे. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी क्रिकेटची धुळाक्षरे गिरवली.

कुटुंबाला हातभार लावण्यासाठी बाळूंना लवकरच काम शोधावे लागले. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. पगार होता तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. पगारात एका रुपयाची वाढ झाली. पण खरी कमाई वेगळीच होती. तेथे त्यांची गाठ कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग यांच्याशी पडली. हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले ग्रेग हे त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत अग्रगण्य होते. त्यांच्या नावाचा उच्चार करताना लोकांनी त्यांना गमतीने जंगली हे टोपणनाव दिले होते. इतर मंडळी येण्यापूर्वी तासभर आधी ग्रेग मैदानावर येत आणि बाळूंकडून गोलंदाजी करवून घेत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस देण्याचे त्यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या शेकडो तासांच्या सरावाचे फळ मात्र निर्विवाद होते.

बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकत. टप्प्यावर त्यांची हुकमत होती. चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी त्यांनी साधली होती आणि वेग व उंची यांत ते फलंदाजाला कळू न देता फरक करीत. ज्या खेळपट्टीवर आपण गोलंदाजी करायची तिच्यावर रोज स्वतःच रूळ फिरवणाऱ्या या माणसाला मातीचा स्वभाव पुरता ठाऊक झाला होता.

मैदानावर समता, मंडपात विटाळ

पूना क्लबातील या गोलंदाजाची कीर्ती शहरात पसरली, तसा पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. गोऱ्यांच्या संघाला हरवायचे, तर त्यांच्याच मैदानावर तयार झालेला हा गोलंदाज आपल्या बाजूला हवा. पण तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा. संघातील तेलुगू खेळाडू त्याला घ्यावे अशा मताचे होते, तर स्थानिक ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. असा गोलंदाज हाती असताना त्याला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेग यांनी जाहीरपणे सुनावल्याचे सांगतात. अखेर जिंकण्याची आस सोवळ्याहून बलवत्तर ठरली आणि बाळूंना संघात प्रवेश मिळाला.

हा प्रवेश सीमारेषेच्या आतच होता. मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला हात लावत. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक झेलत आणि तोच चेंडू पुन्हा त्यांच्या हाती देत. चहाची वेळ झाली, की चित्र पालटे. इतर मंडळी मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायचे झाले, तर अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी न्यायचे. आपल्याच संघाला विजय मिळवून देणाऱ्या खेळाडूची ही वागणूक होती आणि तीत कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातला विशेष गाजलेला. बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती, असे सांगतात. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले आणि पुणेकरांनी सामना जिंकला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी एका समारंभात बाळूंना हार घातल्याची आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. सुधारक आणि जहाल यांच्यात शहर दुभंगले असताना या एका खेळाडूच्या कौतुकात दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे, ही त्या काळच्या पुण्यातील लहानसहान गोष्ट नव्हती.

मुंबईचा डाव

१८९६ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेगची साथ आली आणि तिने पुण्याचीही घडी विस्कटली. त्यानंतर बाळूंनी मुंबई गाठली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचे दार त्यांच्यासाठी सहज उघडले नाही. काही सभासदांची नाराजी होती. पण कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली. पुढे बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. मुंबईच्या गजबजाटात जातीचे काच थोडे सैल होते. यथावकाश जिमखान्यावर इतरांच्या पंगतीला बसण्याचाही अधिकार पालवणकर बंधूंना मिळाला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन हे संघ समोरासमोर आले. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. उत्तरादाखल युरोपियनांना १९१ आणि १०२ धावाच करता आल्या. हिंदूंचा विजय १०९ धावांचा होता. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले, त्यांतील पाच निर्णायक दुसऱ्या डावातले. शिवरामही या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात मिळालेली ही हार सामान्य प्रेक्षकाला निव्वळ खेळातली हार वाटली नाही. सुधारकी वृत्तपत्रांनी तर या विजयाचा दुसरा अर्थही लावला : जात बाजूला ठेवल्यावर हिंदू जिंकू शकतात, हा तो अर्थ.

इंग्लंडमधील कसोटी

१९११ च्या उन्हाळ्यात पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख खेळाडूंच्या या संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते. सांघिक दृष्ट्या दौरा निराशाजनक ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दहा गमावले आणि केवळ दोन जिंकले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते आणि ते लवकरच संघाबाहेर पडले.

गोलंदाजीचा सारा भार बाळूंवर पडला. वय पस्तिशीचे, खांदा दुखावलेला. त्यात १९११ चा इंग्लिश उन्हाळा विलक्षण कोरडा आणि कडक होता. ओलसर, मऊ खेळपट्टी ही संथ गोलंदाजाची मैत्रीण. तीही साथीला नव्हती. असे असूनही बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही बळीमागे १९ पेक्षा कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत आठ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लीस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ गडी टिपले आणि संघाने दौऱ्यातील पहिला कौंटी विजय साजरा केला. सॉमरसेटविरुद्धचा विजय एका गड्याने मिळाला तो शिवरामांच्या नाबाद शतकामुळे. जाणकारांनी बाळूंची तुलना थोर इंग्लिश गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली. कौंटी संघांकडून व्यावसायिक म्हणून खेळण्याविषयी त्यांना विचारणा झाल्याचेही नमूद आहे. पण ते मायदेशी परतले.

मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयातील एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते, असे सांगितले जाते. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिक्षणाची वाट चोखाळणाऱ्या त्या पिढीपुढे आपल्या समाजातला असा यशस्वी पुरुष त्या काळी दुसरा नव्हता.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९१२ मध्ये मुसलमान संघाच्या समावेशाने मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. हिंदूंचे सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळूच होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल या तिन्ही धाकट्या भावांनीही संघात स्थान मिळवले होते. असे असूनही कर्णधारपदाची माळ वर्षानुवर्षे बाळूंच्या गळ्यात पडली नाही. त्यांचे सहकारी एम. डी. पै यांना तो मान मिळाला, तेव्हा हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे पै यांनी स्वतः सत्काराच्या उत्तरात मोकळेपणाने कबूल केले. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी पै आजारपणामुळे उपलब्ध नव्हते. बाळूंना वगळण्यात आले होते आणि कर्णधारपद पुण्याचे तरुण फलंदाज दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. देवधरांच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती. पण शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ आणि तोलामोलाचे होते. दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि योग्यतेऐवजी जात पाहून नेता ठरवला जात असल्याचा आरोप करणारे निवेदन प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून आणि सभांतून वादळ उठले. अखेर जिमखान्याला नमते घ्यावे लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच, उसने आणि काही वेळापुरते. त्याच मोसमात त्यांची कारकीर्द संपली.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. त्यांत सवर्णांचे खांदेही होते. मोठ्या भावाने नांगरलेल्या शेतात धाकट्याच्या हाती पीक लागले.

येरवडा ते निवडणूक

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात ओढले गेले. डॉ. आंबेडकरांविषयी त्यांना आदर होता. पण स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवर दोघांची मते जुळली नाहीत. एम. सी. राजा यांच्याप्रमाणे बाळूंचाही कौल संयुक्त मतदारसंघाला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावरील स्वाक्षऱ्यांत पी. बाळू हे नावही आहे. ज्या शहरात कधीकाळी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा प्यावा लागला, त्याच शहरात देशाच्या भवितव्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्याच्या सत्कारासाठी मानपत्र लिहिले, त्याच्याशीच निवडणुकीच्या आखाड्यात सामना व्हावा, हा काळाचा विलक्षण न्याय. पराभवातील अंतर पाहता समाजाच्या मनात बाळूंचे स्थान किती दृढ होते, तेही दिसून येते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. हिंदुस्थानला कसोटी सामन्याचा मान १९३२ मध्ये मिळाला. बाळूंचा खेळ त्यापूर्वीच थांबला असल्याने कसोटीपटूंच्या यादीत ते नाहीत. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी आणि बळीमागे १५.२१ धावा हा त्यांचा हिशेब. विठ्ठल पालवणकरांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून या कुटुंबाची कहाणी काही अंशी जपली गेली. पुढे २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना बाळूंना मध्यवर्ती स्थान दिले आणि एका विस्मृत नावावरची धूळ झटकली गेली.

डावखुऱ्या फिरकीची मोठी परंपरा भारतीय क्रिकेटला लाभली. विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी ही त्या परंपरेतली सर्वांच्या ओठांवरची नावे. तिचा उगम मात्र पुण्याच्या लष्करातील एका खेळपट्टीवर, रूळ फिरवणाऱ्या चार रुपये पगाराच्या नोकराच्या बोटांत आहे. त्याच्या चेंडूचा विटाळ कोणाला झाला नाही, त्याच्या स्पर्शाचा मात्र झाला. हा विरोधाभास त्याने तक्रारीच्या सुरात कधी मांडला नाही. तो चेंडू टाकत राहिला आणि गडी बाद होत राहिले.