आजोळ तेच, सासुरवाडी तीच

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लोहारा तालुक्यातील सास्तूरचे नाव देशभर पोहोचले. हा परिसर मात्र त्याहून कितीतरी जुन्या वैभवाचा साक्षीदार आहे. सास्तूरच्या उत्तरेला लातूर आणि दक्षिणेला, आजच्या कर्नाटकात, मालखेड. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात, तर मालखेड ही त्यांची राजधानी मान्यखेट. दख्खनच्या या घराण्यातील तिसरा इंद्र दहाव्या शतकात थेट कनोजवर चालून गेला. त्याच्या पराक्रमाइतकीच त्याच्या घरातील सोयरीकही लक्षात राहण्याजोगी आहे.

इंद्राचा आजा दुसरा कृष्ण. त्याची राणी त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या जबलपूरजवळच्या, कलचुरी राजाची मुलगी. या राजाचे नाव कोक्कल्ल. तिचा मुलगा जगत्तुंग याने आपल्या मामाची, म्हणजे कोक्कल्लपुत्र शंकरगणाची, मुलगी लक्ष्मी केली. पुढे तिची बहीण गोविंदांबा हीही त्याच घरात आली. लक्ष्मीचा मुलगा इंद्र. त्याची राणी विजांबा ही कोक्कल्लाच्या दुसऱ्या मुलाची नात, म्हणजे नात्याने इंद्राच्या चुलतमामाची मुलगी. आजी, आई आणि पत्नी अशा तिघीही एकाच राजघराण्याच्या लेकी!

राजरक्त राजघराण्यातच राहावे, ही ओढ जगात इतरत्रही दिसते. प्राचीन इजिप्तच्या फेअरोंनी ती टोकाला नेली. राणी हत्शेप्सुत ही दुसऱ्या थुटमोसची सावत्र बहीण आणि पत्नी. तुतनखामेनने सावत्र बहिणीशी विवाह केला आणि त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण असावेत, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीतून पुढे आले. तिसऱ्या आमेनहोतेपने तर बॅबिलोनच्या राजाला मुलगी देण्याचे साफ नाकारले. परक्यांच्या मुली घ्यायच्या, आपली मात्र बाहेर द्यायची नाही, असा तो खाक्या होता. दख्खनने बहीण वर्ज्य मानली. मामाची मुलगी मात्र हक्काची. बौधायन धर्मसूत्राने ही दक्षिणेकडची चाल म्हणून नोंदवली आहे. महाराष्ट्रात ती अनेक समाजांत रूढ राहिली, तेव्हा त्यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

या सोयरिकीचा लाभ रोकडा होता. वेंगीच्या चालुक्यांनी दुसऱ्या कृष्णाला पळता भुई थोडी केली, तेव्हा त्याने आसरा घेतला तो कलचुरींकडेच. जगत्तुंग गादीवर न येताच वारला आणि ९१४च्या सुमारास राज्य नातवाकडे आले. ९१५ साली कुरुंदक येथे इंद्राचा पट्टबंध झाला. त्याने सुवर्णतुला केली आणि पारड्यातून न उतरताच गावे आणि साडेवीस लाख द्रम्म दान केले. पूर्वी जप्त झालेली चारशे गावेही परत दिली. हे सांगणारा नवसारीचा ताम्रपट रचला तो 'नलचंपू'कार त्रिविक्रमभट्टाने. दानाचे आकडे थोडे फुगवले असतील, हे गृहीत धरूनही राज्य संपन्न होते, यात शंका नाही.

पुढच्या दोनेक वर्षांत इंद्र उत्तरेकडे निघाला. त्याच्या हत्तींनी कालप्रिय देवाच्या मंदिराच्या अंगणात दातांचे घाव घातले, सैन्याने यमुना ओलांडली आणि प्रतिहारांचे कनोज पडले. राजा महीपाल पळाला. उत्तर भारताची ही राजधानी इंद्राने फार काळ धरून ठेवली नाही. तरी प्रतिहारांची प्रतिष्ठा त्यानंतर पूर्वीसारखी सावरली नाही.

इंद्राच्या मृत्यूनंतर, ९२७-२८च्या सुमारास, घरातच काळोख झाला. विजांबेचा थोरला मुलगा दुसरा अमोघवर्ष जेमतेम वर्षभर टिकला. धाकटा गोविंद गादीवर आला. आपण थोरल्या भावाशी क्रौर्याने वागलो नाही, असे त्याला स्वतःच्या ताम्रपटात मुद्दाम नोंदवावेसे वाटले. त्यातच लोकांत काय कुजबुज होती ते उघड होते. अखेर सामंतांनी गोविंदाला दूर केले आणि गोविंदांबेचा मुलगा, इंद्राचा सावत्र भाऊ बड्डिग, याला ९३६च्या सुमारास राज्यावर बसवले. हा बड्डिग राहत होता त्रिपुरीत, आजोळीच. त्याची राणी कुंदकादेवी हीही कलचुरी युवराजदेवाची कन्या. आजोळचा आधार याही वेळी कामी आला.

या कुंदकादेवीचा मुलगा तिसरा कृष्ण. ९५९ सालचा त्याचा ताम्रपट कऱ्हाडला सापडला. आपल्या आईचा आणि पत्नीचा वडीलधारा नातलग असलेल्या सहस्रार्जुनालाही, म्हणजे कलचुरी राजालाही, कृष्णाने जिंकले, असे त्यात अभिमानाने कोरले आहे.