दादासाहेब मावळंकर : लोकसभेचे पहिले सभापती

सभापतिपदाचा मान आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. शेवगावचे बाळासाहेब भारदे यांनी १९६२ ते १९७२ अशी सलग दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे सभापतिपद भूषविले. याच पदाची दिल्लीतील परंपरा ज्यांनी घालून दिली, ते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हेही मराठी घराण्यातील. परंतु त्यांचे सारे कर्तृत्व गुजरातेत घडले. शिकावयास परमुलखात गेलेला एक मुलगा तेथील जनतेचा प्रतिनिधी आणि अखेर लोकसभेचा पहिला सभापती कसा झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. गणेशचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. बडोदे हे गायकवाडांचे संस्थान असल्याने त्या काळी कित्येक मराठी कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली होती. गणेशचे सुरुवातीचे शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यातील इतर गावी झाले. पुढे १९०२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो शिक्षणासाठी अहमदाबादेस आला. शहर नवे, बाजारात व शेजारीपाजारी बोलली जाणारी भाषाही वेगळी. परंतु त्याने अभ्यासात कसूर केली नाही. गुजरात कॉलेजातून १९०८ साली तो विज्ञान विषय घेऊन बी. ए. झाला. मुंबईस कायद्याचे शिक्षण घेऊन १९१२ साली तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी अहमदाबादेस वकिली सुरू केली.

वकिलीत जम बसविता बसविता तरुण मावळंकर सार्वजनिक कामात शिरले. गुजरात एज्युकेशन सोसायटीचे ते १९१३ पासून मानद चिटणीस होते आणि १९१६ साली गुजरात सभेचेही चिटणीस झाले. चिटणिसाचे काम म्हणजे पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, सभा बोलावणे. त्यात टाळ्या मिळत नाहीत. पण माणसाची पारख मात्र होते. अहमदाबादकरांनी त्यांची पारख केली आणि १९१९ साली त्यांना नगरपालिकेवर निवडून दिले. नगरपालिकेशी त्यांचा संबंध, मधले खंड सोडता, १९३७ पर्यंत टिकला. त्यात त्यांनी अध्यक्षपदही सांभाळले. पाणी, गटारे, रस्ते, शाळा हे प्रश्न सोडविता सोडविताच परप्रांतीय मावळंकर अहमदाबादचे दादासाहेब झाले.

शिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे एक काम आपल्यासारख्या संस्थेने मुद्दाम ध्यानात ठेवावे. गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई आदींच्या साथीने त्यांनी १९३५ साली अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या सोसायटीने शहरात महाविद्यालये काढली. धनिकाचा पैसा, कायदा जाणणाऱ्याची बुद्धी आणि कार्यकर्त्याचे कष्ट एकत्र आले, तर सरकारची वाट न पाहता केवढे काम उभे राहते, याचा तो नमुना होय.

स्वातंत्र्याच्या लढ्यात ते गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्या बरोबर होते. हकीम अजमल खान यांच्या अध्यक्षतेखाली १९२१ साली अहमदाबादेस काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या स्वागत समितीचे चिटणीसपद मावळंकरांकडे होते. पुढे निरनिराळ्या चळवळींत मिळून त्यांची जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात गेली. १९४२ च्या लढ्यात मौलाना आझाद, पंडित नेहरू व वल्लभभाई आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. त्या चळवळीत मावळंकरांनाही कारावास घडला. तेथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या हकिकती त्यांनी मानवतानां झरणां या पुस्तकात लिहिल्या. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने हे पुस्तक लिहिले ते गुजरातीत. ज्या मुलखाचे अन्न खाल्ले, त्या मुलखाची भाषा त्याने आपली केली होती.

मुंबई विधानसभेवर ते १९३७ साली निवडून आले आणि तिचे सभापती झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. पूर्वी ज्या आसनावर सर इब्राहिम रहिमतुला व सर अब्दुर रहीम यांच्यासारखे विद्वान बसले होते, त्यासाठी सर कावसजी जहांगीर व मावळंकर उभे होते. मावळंकरांना ६६ व कावसजींना ६३ मते पडली. देशातील पक्षांत त्या वेळी कमालीची कटुता होती. अवघ्या तीन मतांनी आसनावर आलेल्या माणसाला विरोधात मत देणाऱ्या त्रेसष्ट जणांचाही विश्वास मिळवावयाचा होता. सभापतिपद ही सर्व सभागृहाची अमानत आहे, या भावनेने त्यांनी ते काम केले.

स्वातंत्र्यानंतर १७ नोव्हेंबर १९४७ रोजी घटना समितीच्या कायदेमंडळ म्हणून भरणाऱ्या सभेचे सभापती म्हणून त्यांची निवड झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांना ३९४ मते मिळाली, तर त्यांच्याविरुद्ध उभे असलेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना ५५. दोन्ही उमेदवार मराठी, हा योगायोग मोठा मौजेचा.

त्या सभागृहात काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते. अशा वेळी सरकारला जाब विचारण्याची सोय नियमांनीच करावी लागते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहण्यासाठी १९५३ साली समिती नेमण्यात आली. सरकारी खर्चाच्या अंदाजांची छाननी करणारी समिती तर १९५० सालीच सुरू झाली होती. संसदेला बाजूला ठेवून सरकारने वटहुकूम काढीत राहावे, हे मावळंकरांना मान्य नव्हते. नेहरूंशी त्यांचा स्नेह होता. तरीही अगदी निकडीच्या प्रसंगाखेरीज वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही, असे त्यांनी पंतप्रधानांना पत्राने स्पष्ट कळविले.

त्यांचे सर्वच निर्णय सर्वांना रुचले असे नाही. सभागृहाच्या एक दशांश सभासद असल्याशिवाय कोणत्याही विरोधी गटाला अधिकृत पक्ष म्हणून मान्यता द्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक लहान पक्षांना जाचक वाटला. त्यांच्या पक्षपाताची तक्रारही झाली आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेस आला. घटनेप्रमाणे अशा वेळी सभापतीने आसनावर बसावयाचे नसते. म्हणून उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालविले. ठराव फेटाळला गेला. परंतु सभापतीलाही सभागृहासमोर उत्तरदायी व्हावे लागते, हा धडा त्या दिवशी देशाला मिळाला.

सभापतिपदावर असतानाच, २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, अहमदाबादेस दादासाहेबांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या जागी अहमदाबादकरांनी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई यांना बिनविरोध निवडून दिले. पुढे १९७२ साली त्यांचे पुत्र पुरुषोत्तमही लोकसभेवर गेले. बाहेरून आलेल्या कुटुंबाला एका शहराने याहून अधिक आपलेपणा तो कसा दाखवावा?

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी अनेकजण तालीम व रोजगार यांसाठी पुणे, मुंबई किंवा त्याहूनही दूर जातील. तेथे कोणी तुम्हाला परके म्हणेल, कोणी नावावरून वा बोलीवरून जोखील. अशा वेळी रुसून कोपऱ्यात बसू नका. तेथील भाषा शिका आणि तेथील सार्वजनिक कामाचा एखादा भार अंगावर घ्या. पालकांनीही मुलांना घराबाहेर पाठविताना कचरू नये. अहमदाबादेस शिकावयास आलेला चौदा वर्षांचा मुलगा देशाच्या सर्वोच्च सभागृहाचा सभापती होऊ शकला, त्यामागे अभ्यासाची शिस्त आणि चिटणिसाच्या टेबलावर वर्षानुवर्षे निमूटपणे केलेले काम होते. ही शिदोरी आपल्या कोणत्याही मुलामुलीला घेता येण्यासारखी आहे.