आल्फ्रेद बिने

आल्फ्रेद बिने (८ जुलै, इ.स. १८५७, नीस - १८ ऑक्टोबर, इ.स. १९११, पॅरिस) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. चाचणीतील प्रश्नांचा चढता क्रम परीक्षकाच्या मतावरून न ठरविता मुलांच्या प्रत्यक्ष उत्तरांवरून ठरविणे, ही त्यांची महत्त्वाची कामगिरी होय.

जीवन

बिने यांनी इ.स. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. परंतु वकिली न करता ते स्वाध्यायाने मानसशास्त्राकडे वळले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. संमोहित व्यक्तीवर चुंबकाचा परिणाम होतो, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला आणि ती चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली. पुढे मादलेन व आलिस या आपल्या मुलींच्या विचारपद्धतींतील फरक त्यांनी बारकाईने नोंदविले. इ.स. १८९४ मध्ये ते सॉर्बाँ येथील मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक झाले.

बुद्धिमापन श्रेणी

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने इ.स. १९०४ मध्ये आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी इ.स. १९०५ मध्ये ३० कृतींची श्रेणी प्रसिद्ध केली. इ.स. १९०८ च्या आवृत्तीत कृतींची वयानुसार मांडणी केली. चौरस पाहून काढणे ही कृती पाच वर्षांच्या गटात, तर टोकावर उभा असलेला समभुज चौकोन काढणे ही सात वर्षांच्या गटात आली. दुसरी कृती ज्याला जमते, त्याला पहिली बहुधा जमतेच. उलट मात्र घडेलच असे नाही. अशा एकदिश संबंधांवर आधारलेली मापनपद्धती लुई गटमन यांनी इ.स. १९४४ मध्ये मांडली.

वारसा

बुद्धी कायमची ठरलेली असते, हे मत बिने यांना अमान्य होते. अवधान व स्मरणशक्ती वाढविणारे व्यायाम त्यांनी इ.स. १९०९ च्या ग्रंथात सुचविले. मूल कोठे अडले आहे हे कळावे आणि त्याला साहाय्य मिळावे, हा श्रेणीचा हेतू होता. त्यांच्या निधनानंतर विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली (इ.स. १९१२). लुईस टर्मन यांनी इ.स. १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यांक रूढ केला. परिणामी, एका आकड्यावरून मुलाची कायमची पारख करण्याची प्रवृत्ती वाढली.

मराठी रूप

भाषा व परिसर बदलला की कृतींची काठिण्यपातळीही बदलते. त्यामुळे श्रेणीचे केवळ भाषांतर पुरेसे नसते. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे धारवाड येथील मराठी व कन्नड भाषिक मुलांच्या चाचण्या घेऊन इ.स. १९३० च्या दशकात नवी श्रेणी सिद्ध केली. ती 'बिने-कामत चाचणी' या नावाने ओळखली जाते.