डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि फाशीच्या शिक्षेचा प्रश्न

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव सर्वतोमुखी आहे. महाडचा सत्याग्रह आणि अस्पृश्यतेविरुद्धचा त्यांचा आजन्म लढा सर्वांना ज्ञात आहे. परंतु फाशीच्या शिक्षेविषयी त्यांनी घटना समितीत मांडलेला विचार मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या विचाराचा पाया अहिंसा हा होता. म्हणूनच जैन समाजाने तो आवर्जून समजून घ्यावा, असा आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म दि. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी सकपाळ व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. पाण्याच्या भांड्यास स्पर्श करण्याचीही मुभा नसे. अशा परिस्थितीतून मार्ग काढीत ते १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली त्यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास लंडन विद्यापीठाने १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी दिली. बॅरिस्टर होऊन ते परतले व मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. परळच्या त्यांच्या कार्यालयात गोरगरिबांची रीघ लागे. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कायद्याचे पुस्तक आणि कायद्याच्या दाराशी ताटकळणारा गरीब माणूस, दोहोंचाही त्यांना निकटचा परिचय होता.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदेमंत्री झाले. दि. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समितीची स्थापना झाली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस झेड. एच. लारी या सदस्याने, हिंसक राजद्रोहाचा अपवाद वगळून, फाशीची शिक्षा घटनेनेच रद्द करावी अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही व ती फेटाळली गेली. तथापि हा विषय तेथे संपला नाही.

दि. ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती. फाशी झालेल्या प्रत्येक आरोपीस सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क मिळावा, असा काही सदस्यांचा आग्रह होता. हा प्रश्न आपल्या भागाच्या दृष्टीनेही किती जिव्हाळ्याचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या काळी बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि १९३६ साली स्थापन झालेले नागपूर उच्च न्यायालय हे येथील वरिष्ठ न्यायालय होते. सत्र न्यायाधीशांनी दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंमलात येत नसे. त्यापुढे मात्र मेहकर किंवा जळगाव जामोदच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरच्यांनी दिल्ली गाठायची ती कशी आणि वकील लावायचा तो कोणत्या पैशावर? हक्क कागदावर सर्वांना सारखाच असला, तरी तो वापरण्याचे बळ सर्वांपाशी सारखे नसते.

बाबासाहेबांनी या चर्चेत प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. अपिलाची सोय करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्यास आपण अधिक पसंती देऊ, म्हणजे हा वाद कायमचा मिटेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा देश बहुतांशी अहिंसेचे तत्त्व मानतो. लोक आचरणात उणे पडत असतील, पण ते तत्त्व शक्य तितके पाळावे ही नैतिक आज्ञा त्यांना मान्य आहे, हा त्यांचा आधार होता.

जैन शास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग केलाच पाहिजे. स्वसंरक्षणार्थ घडणाऱ्या विरोधी हिंसेबाबत गृहस्थाला सवलत आहे. हल्लेखोराचा प्रतिकार करणे निराळे आणि बंदिवासात असलेल्या, प्रतिकारास असमर्थ अशा मनुष्याचा दिवस व वेळ ठरवून प्राण घेणे निराळे. या दुसऱ्या कृत्याची गणना कोणत्या प्रकारात करावी, हा प्रश्न प्रत्येक श्रावकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. अन्यायाने मारल्या गेलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाचे दुःख अपार असते व गुन्हेगारास कठोर शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु हिशेबातील चूक पुढच्या पानावर दुरुस्त करता येते. फाशीनंतर निघालेली चूक दुरुस्त करण्यास पुढचे पानच उरत नाही.

बाबासाहेबांचा हा विचार घटनेत उतरला नाही. अनुच्छेद १३४ ने फाशीच्या ठरावीक प्रकरणांतच अपिलाचा थेट हक्क दिला. १९६७ साली विधि आयोगाने आपल्या ३५ व्या अहवालात ही शिक्षा कायम ठेवण्याची शिफारस केली. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना विशेष कारणे नमूद करणे न्यायाधीशांवर बंधनकारक केले आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा केवळ अत्यंत दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. पुढे महाराष्ट्रातून आलेल्या दोन खटल्यांच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा सर्वत्र एकाच मापाने दिली जात नसल्याची चिंता व्यक्त केली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने या प्रश्नाचा अभ्यास करून ऑगस्ट २०१५ मध्ये २६२ वा अहवाल दिला. दहशतवाद व देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी त्याची शिफारस होती. दि. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ही शिक्षा कायम आहे.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी मांडलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. ज्या समाजात मुंगीचाही जीव जपण्याचे संस्कार बालपणी होतात आणि दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते, त्या समाजाने या प्रश्नावर मौन बाळगू नये, हीच त्या महामानवास यथोचित आदरांजली ठरेल.