विश्लेषण : खरेदीच्या ॲपमधील ‘कार्ट’ आली कुठून? कोण होते सिल्व्हन गोल्डमन?

मोबाइलवर खरेदी करताना स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या ढकलगाडीचे चिन्ह दिसते. ही गाडी रूढ करणारे अमेरिकी किराणा व्यापारी सिल्व्हन गोल्डमन यांनी ग्राहक कुठे अडतो, याचा शोध इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी घेतला होता.

जडणघडण कशी झाली?

गोल्डमन यांचा जन्म १८९८ मध्ये आजच्या ओक्लाहोमा राज्यातील आर्डमोर येथे, युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैनिक होते. परतल्यावर भाऊ आल्फ्रेड यांच्यासह त्यांनी किराणा दुकानांची साखळी उभारली. १९२९ मध्ये ती विकली; पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि कमाई बुडाली. पुन्हा सुरुवात करून त्यांनी ‘हम्प्टी डम्प्टी’ ही दुकाने घेतली. मंदीच्या काळात प्रत्येक ग्राहकाने थोडे जास्त खरेदी करणे त्यांच्यासाठी महत्त्वाचे होते.

अडचण काय होती?

स्वयंसेवेच्या दुकानात ग्राहक हातात टोपली घेऊन फिरत. टोपली जड झाली की खरेदी थांबे. गरज संपलेली नसे, फक्त हात दुखू लागत. १९३६ मध्ये कार्यालयातील घडीच्या खुर्चीकडे पाहताना गोल्डमन यांना उपाय सुचला. खुर्चीला चाके लावायची आणि बैठकीच्या जागी टोपली ठेवायची. कारागीर फ्रेड यंग यांच्या मदतीने त्यांनी दोन टोपल्यांची, घडी होणारी गाडी तयार केली.

ग्राहकांनी ती नाकारली का?

४ जून १९३७ रोजी ओक्लाहोमा सिटीत गाड्या दुकानात आल्या. वर्तमानपत्रांत जाहिरातीही झाल्या होत्या. पण गाडीला कुणी हात लावेना. गोल्डमन यांनी पुढे सांगितल्यानुसार, तरुण पुरुषांना गाडी ढकलणे कमकुवतपणाचे वाटे, तरुणींना ती शोभत नसे आणि वृद्धांना आपण असहाय दिसू अशी भीती होती. गाडीत दोष नव्हता. ती वापरताना लोक काय म्हणतील, हा संकोच होता.

मग तोडगा काय निघाला?

गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयाची स्त्री-पुरुष मंडळी पैसे देऊन नेमली. ती दुकानात गाड्या ढकलत खरेदीचा देखावा करू लागली. दाराशी उभी असलेली तरुणी येणाऱ्यांना गाडी देऊ करी आणि इतरही ती वापरत असल्याचे दाखवी. संकोच गेला, गाड्या चालू लागल्या. १९४० मध्ये पेटंटही मिळाले.

सुधारणा तिथेच थांबली का?

नाही. घडीची गाडी दर वेळी उलगडून तिच्यावर टोपल्या बसवाव्या लागत. कॅन्सस सिटीतील ऑर्ला वॉटसन यांनी १९४६ मध्ये एकीत एक सरकणाऱ्या गाड्या बनवल्या. गोल्डमन यांनीही तशीच गाडी काढली आणि पेटंटवरून वाद झाला. अखेर तडजोडीत त्यांनी वॉटसन यांचा हक्क मान्य करून उत्पादनाचा परवाना मिळवला. पुढे ते मोठे उद्योजक व दानशूर म्हणून ओळखले गेले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऑनलाइन खरेदीशी संबंध काय?

आजही कार्ट भरून ग्राहक मध्येच निघून जातात. शेवटच्या पायरीवर अचानक दिसणारे डिलिव्हरी शुल्क, खाते उघडण्याची सक्ती, लांबलचक फॉर्म ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. ती कार्यालयात बसून अंदाजाने सापडत नाहीत. खऱ्या ग्राहकाच्या हाती पान देऊन तो कुठे थबकतो हे पाहावे लागते, एक अडथळा दूर करून पुन्हा तपासावे लागते. इतरांचे अभिप्राय दाखवून नव्या ग्राहकाचा संकोचही घालवला जातो. पण ते अभिप्राय पैसे देऊन लिहून घेतलेले असतील, तर ती फसवणूक ठरते. गोल्डमन यांच्या भाडोत्री ग्राहकांकडून शिकताना ही सीमारेषाही लक्षात ठेवावी लागते.