वजीर देणारा मास्तर : अडॉल्फ अँडरसन

बुद्धिबळाचे कोणतेही जुने पुस्तक उघडा, त्यात एक डाव हटकून सापडतो. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये एका शाळामास्तराने आणि एका माजी शाळामास्तराने तो खेळला. त्या दिवसांत तेथे मोठी स्पर्धा चालू होती, पण हा डाव स्पर्धेतला नव्हे. मधल्या फावल्या वेळात, कसलीही पैज न लावता, केवळ गंमत म्हणून दोघे पटावर बसले होते. स्पर्धेतले बहुतेक डाव आज अभ्यासकांखेरीज कोणी पाहत नाही. हा गमतीचा डाव मात्र 'अमर डाव' या नावाने सर्व जगाला पाठ झाला. तो जिंकणारा अडॉल्फ अँडरसन हा या लेखाचा नायक.

सांगलीसारखे बुद्धिबळाचे माहेरघर आपल्या शेजारी आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे ज्या निष्ठेने हा खेळ वाढवला ती हकिगत आपल्या भागातील खेळाडूंना ठाऊक असते. तेव्हा खेळाची ओळख करून देण्याची गरज नाही. मोहऱ्यांची नावेही आपल्या महाविद्यालयात कोणाला अडू नयेत. मराठी विभागातला हत्ती कन्नड विभागात आने होतो, उंट ओंटे होतो आणि घोडा कुदुरे होतो, पण प्राणी तेच राहतात आणि त्यांच्या चालीही त्याच राहतात.

अँडरसनचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी प्रशियातील ब्रेस्लाउ या शहरात झाला. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्याला खेळ शिकवला. लाबूर्दोने आणि मॅक्डॉनेल या त्या काळच्या दोन दिग्गजांच्या पन्नास डावांचे पुस्तक त्याच्या हाती लागले आणि त्यावर त्याने आपली बुद्धी घासून घेतली. ब्रेस्लाउच्याच विद्यापीठात तो गणित व तत्त्वज्ञान शिकला, १८४७ साली शिक्षण पुरे केले आणि तेथल्याच फ्रीडरिख हायस्कुलात गणित शिकवू लागला. लग्न केले नाही. आई आणि बहीण यांच्यासह तो राहत असे. सकाळी फळा, दुपारी वह्या, संध्याकाळी पट असे त्याचे आयुष्य असावे. १८४२ साली त्याने बुद्धिबळातील कूटप्रश्नांचे पुस्तक काढले, १८४८ साली हारविट्झ या नामांकित खेळाडूशी पाच-पाच अशी बरोबरी केली, आणि एवढ्या भांडवलावर त्याला लंडनचे बोलावणे आले.

हे बोलावणे म्हणजे जगातील पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा होती. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले होते आणि त्याचे निमित्त साधून हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने सोळा जणांची स्पर्धा योजली. मास्तरापुढे प्रश्न खेळाचा नव्हता, भाड्याचा होता. शाळेच्या पगारात लंडनची वारी कशी परवडणार? ही अडचण कळताच स्टाँटनने शब्द दिला, की बक्षीस मिळाले नाही तर प्रवासखर्च मी माझ्या खिशातून देईन. वाणिज्याच्या भाषेत याला हमी म्हणतात. पुढे काय घडले? उपान्त्य फेरीत अँडरसनसमोर खुद्द स्टाँटनच आला आणि चार विरुद्ध एक अशा फरकाने हरला. अंतिम फेरीत वायविल हरला. पहिले बक्षीस १८३ पौंडांचे होते. हमी देणाऱ्याचा खिसा वाचला, पण इंग्लंडचा अव्वल खेळाडू पडला!

पहिल्या फेरीत अँडरसनने ज्याला हरवले होते तो लिओनेल कीझेरित्स्की हाच अमर डावातला प्रतिपक्षी. हा मूळचा दोर्पात गावचा, पूर्वी तेथे गणिताचा शिक्षक होता आणि आता पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून पोट भरत होता.

डाव असा झाला. अँडरसनकडे पांढरी मोहरी होती. दुसऱ्याच खेळीला त्याने राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून फुकट देऊ केले. त्या काळी असे खेळणे मर्दुमकीचे मानत आणि देऊ केलेले न घेणे भित्रेपणाचे. काळ्याने ते घेतले आणि वजिराने शह दिला. पांढरा राजा एक घर सरकला, म्हणजे किल्लेकोट कायमचा गेला. पुढे काळ्याच्या वजिराने एकट्यानेच मैदानात हिंडायला सुरुवात केली. अकराव्या खेळीला पांढऱ्याचा एक उंट प्याद्याच्या तोंडाशी होता. दुसरा कोणी असता तर त्याने उंट वाचवला असता. अँडरसनने त्याकडे पाहिलेही नाही. त्याने हत्ती घोड्याच्या घरी आणला, उंट मरू दिला आणि प्यादी पुढे रेटत काळ्या वजिराचा पाठलाग आरंभला. वजिराला पळायला जागा हवी म्हणून काळ्याला चौदाव्या खेळीत आपला घोडा परत मूळ घरी न्यावा लागला. ही खेळी बारकाईने पाहण्यासारखी आहे. चौदा खेळ्या झाल्या आणि वजीर सोडला तर काळ्याची सगळी मोठी मोहरी घरातच बसलेली!

मग अठरावी खेळी आली. पांढऱ्याचे दोन्ही हत्ती एकाच वेळी माराखाली होते, एक उंटाच्या आणि एक वजिराच्या. अँडरसनने दोघांपैकी एकालाही हात लावला नाही. उरलेला उंट त्याने शत्रूच्या छाताडावर, काळ्या वजिराच्या मूळ घराच्या ओळीत, त्याच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला. काळ्याने पहिला हत्ती मारला. अँडरसनने राजासमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवले. नवख्याला ही खेळी वेडेपणाची वाटते. पण काळा वजीर कोपऱ्याकडून ज्या तिरप्या रेषेने आपल्या राजाच्या बाजूचे नाजूक प्यादे राखत होता, ती रेषा या एका प्याद्याने बंद झाली. संपत्ती लुटायला गेलेल्या वजिराला आता घरी बघताही येईना. त्याने दुसरा हत्ती शहासह मारला. पांढरा राजा शांतपणे एक घर वर आला. काळ्याने घोडा बाहेर काढून एक घर राखले. मग पांढऱ्या घोड्याने ते नाजूक प्यादे मारून शह दिला, काळा राजा शेजारच्या घरात गेला, आणि बाविसाव्या खेळीला अँडरसनने आपला वजीर सरळ काळ्या घोड्यापुढे टाकला. शह असल्यामुळे आणि राजाला जायला घर नसल्यामुळे घोड्याला वजीर मारणे भागच होते. मारण्यासाठी तो घोडा हलला आणि तो जे घर राखत होता ते उघडे पडले. तेविसाव्या खेळीला उंट त्या घरात येऊन बसला. मात!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून मला राहवत नाही. प्याद्याला १, घोड्याला व उंटाला प्रत्येकी ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ असे मोल धरण्याचा रिवाज आहे. पांढऱ्याने दिले ते असे: एक वजीर, दोन हत्ती, एक उंट आणि दोन प्यादी, एकूण २४. घेतले काय, तर तीन प्यादी, म्हणजे ३. काळ्याचे एकही मोठे मोहरे मेले नव्हते. कोणत्याही हिशेबनीसाने पांढऱ्याची पेढी बुडाली असा शेरा मारला असता. पण ताळेबंदात मालमत्तेचा आकडा लिहिलेला असतो, ती मालमत्ता कोठे अडकली आहे हे लिहिलेले नसते. काळ्याचा वजीर एका टोकाच्या कोपऱ्यात, एक उंट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, दोन्ही हत्ती आणि दुसरा उंट जागेवर थिजलेले. राजाला गरज लागली त्या क्षणी या मोठ्या भांडवलातला एक पैसाही रोख नव्हता. उलट पांढऱ्याकडे उरलेले दोन घोडे आणि एक उंट, म्हणजे अवघे नऊ, नेमके जेथे हवे तेथे उभे होते.

आता एक अडचणीचा प्रश्न. हा हल्ला निर्दोष होता का? नव्हता. अठराव्या खेळीला अँडरसनजवळ अधिक सुरक्षित आणि अधिक बळकट खेळ्या होत्या हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. काळ्यालाही वाचण्याची वाट होती. १८७९ साली स्टाइनिट्झने सुचवले, की उंटाने हत्ती मारण्याऐवजी वजिराने दुसरा हत्ती शहासह आधी मारायला हवा होता. त्यानंतर वजीर वेळीच मागे फिरवला असता तर काळा तगून राहिला असता. आज संगणक हे क्षणात सांगतो. काही जण यावरून डावाची किंमत कमी करतात. मला ते पटत नाही. समोर बसलेल्या माणसाला लोभाची वाट दाखवायची आणि तो त्या वाटेने जाईल हे ओळखायचे, हाही गणिताचाच भाग आहे, फक्त तो फळ्यावर मांडता येत नाही.

कीझेरित्स्कीचे मात्र मला नेहमी वाईट वाटते. आपल्याच पराभवाचा हा डाव त्याने स्वतः आपल्या 'ला रेजाँस' या मासिकात छापला. एवढे मन किती जणांचे असते? १८५३ साली तो पॅरिसमध्ये दारिद्र्यात मेला आणि निर्धनांच्या दफनात गेला. डावाला अमर हे नाव फाल्कबेअरने १८५५ साली दिले, ते ऐकायला तो उरला नव्हता.

१८५२ साली बर्लिनमध्ये द्युफ्रेनविरुद्ध अँडरसनने तसाच दुसरा डाव खेळला. तेथेही त्याने वजीर दिला, त्याला 'सदाहरित डाव' म्हणतात. एवढी कीर्ती मिळाल्यावर माणूस शाळा सोडून खेळावर जगेल असे वाटते. अँडरसन शाळेतच राहिला. १८५८ साली अमेरिकेचा एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी युरोपात आला, तेव्हा त्याच्याशी सामना खेळण्यासाठी मास्तराला नाताळच्या सुट्टीची वाट पाहावी लागली. डिसेंबरात पॅरिसला जाऊन तो खेळला आणि सात विरुद्ध दोन असा हरला, दोन डाव बरोबरीत सुटले. त्याने आपला पराभव सरळ मान्य केला आणि मॉर्फीला आपल्याहून श्रेष्ठ ठरवले. द्युफ्रेनविरुद्धची ती चमक येथे का दिसली नाही, असे कोणी विचारले तेव्हा मॉर्फी तसे खेळूच देत नाही असे त्याने सांगितल्याची आठवण आहे. सुट्टी संपली आणि तो वर्गावर गेला.

उतारवयातही त्याने हत्यार ठेवले नाही. १८६२ साली लंडनची स्पर्धा पुन्हा जिंकली. १८६५ साली ब्रेस्लाउ विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८६६ साली तरुण स्टाइनिट्झकडून तो आठ विरुद्ध सहा असा हरला. चौदा डावांत एकही बरोबरी नाही, यावरून दोघांची खुमखुमी कळावी. १८७० साली बाडेन-बाडेन येथे फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले असताना, एका खेळाडूला मध्येच सैन्यात बोलावणे आले असताना, बावन्न वर्षांच्या अँडरसनने स्टाइनिट्झला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. त्याने खेळ शिकल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १८७७ साली लाइपझिगला खास स्पर्धा भरवली गेली. उत्सवमूर्ती स्वतःच खेळायला बसला आणि दुसरा आला.

१३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाउमध्येच त्याचे निधन झाले आणि तेथेच त्याला पुरले. पुढची हकिगत आपल्या सीमाभागातल्या वाचकांना वेगळीच वाटेल. दुसऱ्या महायुद्धात शहर उद्ध्वस्त झाले, त्यात कबरीचेही नुकसान झाले. १९४५ नंतर सीमारेषाच सरकली आणि ब्रेस्लाउ पोलंडमध्ये गेले. जर्मन बोलणारे लोक निघून गेले, पोलिश बोलणारे राहायला आले, पाट्या बदलल्या आणि शहराचे नाव व्रोत्सवाफ झाले. अँडरसन जर्मन होता. नव्याने आलेल्यांचा तो कोणी लागत नव्हता, आणि जर्मनांच्या आठवणी जपण्याइतके त्या युद्धाने काही शिल्लक ठेवले नव्हते. तरी १९५७ साली पोलंडच्या बुद्धिबळ संघटनेने त्याचे अवशेष हलवून शहरातील ओसोबोवित्से दफनभूमीत त्याला नवी कबर दिली.