माकडं मरत होती, संशय पक्ष्यांवर होता, अन् तपासात उतरले सलीम अली

छत्रपती संभाजीनगरमध्ये दिल्ली गेटजवळ एक तळं आहे. मुघलांच्या काळात त्याला खिजरी तलाव म्हणायचे. आज सगळं शहर त्याला सलीम अली सरोवर म्हणून ओळखतं. हे नाव एका पक्षीशास्त्रज्ञाचं आहे, एवढं बऱ्याच जणांना माहिती असतं. पण पक्ष्यांच्या मागे फिरणारा हा माणूस एका जीवघेण्या तापाच्या तपासातही उतरला होता.

चिमणीपासून सुरुवात

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील अगदी लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. एकदा खेळण्यातल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. म्हणून १९०८ मध्ये सलीम थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोहोचले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पोराला नाद लागला.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात घरचा धंदा सांभाळला. १९२६ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये गाईडची नोकरी लागली. रजा काढून ते बर्लिनला पक्षीशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली.

सुगरण नव्हे, सुगरणीचा नवरा

मुंबईत राहणं परवडेना म्हणून ते पत्नी तेहमिनासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तासन् तास निरीक्षण करत बसले.

मराठीत या पक्ष्याचं नाव स्त्रीलिंगी, पण घरटं विणतो तो नर. तो अर्धं घरटं बांधतो. मादी येऊन पाहणी करते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर निघून जाते. मादी स्थिरावली की नर घरटं पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं बांधायला घेतो. पक्षी मारून पेटीत ठेवायच्या त्या काळात, जिवंत पक्षी कसा वागतो हे बघण्यावर सलीम अलींनी भर दिला.

त्यानंतर त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. औरंगाबाद तेव्हा याच संस्थानात होतं. फक्त खर्च द्या, पगार नको, अशा अटीवर ते अशी कामं घेत.

आता येऊया तापाकडे

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली. पाठोपाठ माणसं आजारी पडली. जोराचा ताप, स्नायू आणि सांधे असह्य दुखणं, काहींना रक्तस्राव. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरत होता. आपल्याकडे या रोगाला माकडताप म्हणतात.

पण हा विषाणू रशियात सापडणाऱ्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग तो इथे आला कसा? संशय गेला हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावरून गोचिडी येत असतील का?

याचं उत्तर शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. नेतृत्व सलीम अलींकडे होतं. जाळ्यात पक्षी पकडायचा, अंगावरच्या गोचिडी तपासायच्या, पायात नंबर असलेली कडी घालायची आणि सोडून द्यायचा. भरतपूरला कडी घातलेले पक्षी पुढे थेट सोव्हिएत युनियनमध्ये सापडले. पक्षी कुठून कुठे जातात, याचा पुरावा हातात आला. पण त्यांनी हा रोग आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. रोगाचं चक्र इथल्याच जंगलातल्या गोचिडी, उंदीर आणि माकडांमध्ये फिरत होतं.

वादही झाला. या कामात अमेरिकी लष्कराशी जोडलेला पैसा आल्याने १९७० च्या दशकात जैविक युद्धाचा संशय घेतला गेला आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं.

आज याचं काय?

सलीम अली १९८७ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी गेले. त्यांना १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं होतं. माकडताप मात्र संपलेला नाही. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गमध्ये त्याचे रुग्ण सापडले. म्हणूनच जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य किंवा वन खात्याला कळवायचं असतं.

दर हिवाळ्यात पैठणच्या जायकवाडीवर पाहुणे पक्षी उतरतात. कुठली साथ आली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. तेव्हा एवढं आठवायचं, की सलीम अलींनी आधी पक्षी तपासले आणि मगच निकाल दिला.